पाचवी फेरी, सातवा प्रश्न

दर मंगळवारी साडेआठला
टॉडमॉर्डनच्या 'ब्लॅक रॅम'मध्ये
रेडिएटरजवळचं टेबल आमचं. एक पाय आखूड,
त्याखाली बिअरच्या पुठ्ठ्याची घडी.
माणशी एक पौंड. पेन्सिल त्यांची, खोडरबर नाही.

संघाचं नाव 'चौथा कोण'.
तिघंच होते तेव्हा पडलेलं.
मग मी आले, तरी नाव तेच राहिलं.
ईनिडनं तीस वर्षं शाळेसमोर उभं राहून
मुलांना रस्ता ओलांडून दिला,
राजघराण्यातले घटस्फोट तिला तारखांसकट पाठ.
डेल्रॉय बस चालवायचा. नद्या आणि क्रिकेट त्याच्याकडे.
ग्विलिम लाकडाच्या वखारीत असतो,
प्रत्येक प्रश्नाला आधी म्हणतो, "हे येतं मला,"
आणि मग छताकडे बघत बसतो.
मी मिरजेची, हॅलिफॅक्सच्या लॅबमध्ये कवळ्या घडवते.
भारत, मसाले आणि आशियातल्या सगळ्या राजधान्या
हे खातं कुणी न विचारताच माझ्या गळ्यात पडलं.
उलानबातर मी इथं शिकले,
मेण वितळायची वाट बघता बघता.

इंग्लंडनं वर्ल्ड कप जिंकला
तेव्हा माझ्या आईचं लग्नही व्हायचं होतं.
पण तो संघ मला आता गोलकीपरपासून म्हणता येतो
औटकीच्या पाढ्यासारखा,
अर्थाशी देणंघेणं नाही, चाल चुकत नाही.
आठवडाभर असं काहीबाही वेचायचं
आणि मंगळवारी त्यानं विचारायचं
बॅजरच्या बिळाला काय म्हणतात.

तो म्हणजे क्लिफर्ड. बारजवळच्या उंच स्टुलावर,
चष्मा कपाळावर, कागद नाकाशी.
त्याची वरची कवळी माझ्या हातची,
हे आमच्या दोघांतलं गुपित.

"पाचवी फेरी, सातवा प्रश्न.
सतारीला तारा किती?"

तिघांच्या माना वळल्या.
ईनिडनं पेन्सिलच दिली माझ्या हातात.
ग्विलिम पहिल्यांदाच काही बोलला नाही.

आमच्या घरामागं सतारमेकर गल्ली.
दस्तगीरचाचा घोडीवर कानस फिरवायचे,
एकदा घासून ऐकायचे,
पुन्हा घासून ऐकायचे,
मी पायरीवर, शाळेला उशीर करत.
गिऱ्हाइकं यायची.
एकाला तरफा अकरा हव्यात, एकाला तेरा.
वर सहा की सात, ज्याची त्याची बोटं ठरवणार.
चाचा कधी कुणाला म्हणाले नाहीत
की बरोबर उत्तर अमुक.

मी हात वर केला. "कोणती सतार?"
पबमध्ये हशा.
क्लिफर्ड म्हणाला, "कागदावर एकच आकडा आहे, लव्ह."

मग मी डोळे मिटले आणि ती मोजायला घेतली,
कोपऱ्यातली, कुणी न्यायलाच न आलेली,
भोपळ्यावर धूळ.
वर सात.
खाली एक, दोन, तीन,
नववीपर्यंत नीट आले.
पुढं एका खुंटीच्या जागी नुसतं भोक.
ते मोजायचं की सोडायचं?
डेल्रॉय घड्याळाकडे बघत होता.
सोडलं. लिहिलं, एकोणीस.

कागदावर वीस होते.

एका गुणानं गेलो.
बत्तीस पौंड आणि सॉसेजचं पाकीट
प्लंबर लोकांच्या टेबलावर गेलं,
त्यांनी म्हणे अंदाजे ठोकलं होतं.
डेल्रॉय कोट चढवत म्हणाला,
"देवा, पुन्हा हिच्या गावचं काही विचारू नकोस."
ईनिड इतकी हसली की तिला खोकला लागला.

बाहेर बारीक भुरभुर, कालव्याचा वास.
मागून क्लिफर्ड आला, कुणी ऐकत नाही ना बघून,
गालावर बोट ठेवून म्हणाला,
डावीकडे जरा टोचतंय.

गुरुवारी ये लॅबवर, म्हटलं.
थोडं घासून बघू.
दिव्याखाली ये, काहीतरी बोलून दाखव.

"काय बोलू?"
क्षणभर थांबला, मग म्हणाला,
"सतार."

मी म्हटलं, पुन्हा.

स च्या टोकाला अजून थोडी शीळ येत होती.