डाव्या शिवणीतले वॉशर

रेवती उईके पहिल्यांदा आली तेव्हा नोव्हेंबर होता,
कूलर ताडपत्रीत बांधून ठेवलेला.
दार लोटून घेत म्हणाली, "ताई, असा कुर्ता पाहिजे
का कमरेला काय हाय ते दिसलं नाही पाहिजे."
"काय हाय?"
"सरकारी हाय."

डिसेंबरात अधिवेशन. साध्या कपड्यांत ड्यूटी,
कुण्या मॅडमच्या मागे दोन पावलं.

मी टेप लावली. कंबर पंचवीस.
टेप दोनदा फिरून वर दहा इंच उरली.
"साहेब म्हणतात, वजन वाढव.
भरल्या अंगाच्या पोरींचं बरं असते, लपून जाते.
माझ्या तर खिशातला रुमालही दिसते."
पट्टा सैल तर घसरायचा, आवळला तर हाड सोलायचा.
दाखवलंन मला: कमरेच्या हाडावर
निळं-पिवळं, रुपयाएवढं.

"पाहू दे तरी, केवढं आहे."
"दुकानात काढता येत नाही, ताई."
मग खाकी कागदावर तिनं आठवणीनं आकार काढला,
माझ्याच खडूनं, जीभ दातांत धरून,
शाळेत पोरं नकाशा काढतात तसा.
वजनाला शेजारच्या मोटघऱ्यांच्या किराण्यातून
एक किलोचं माप मागून आणलं.
त्यांनी विचारलं, काय मोजून राहिले?
म्हटलं, पोरीला.

पहिला कुर्ता फसला. सरळ कट, सादा निळा;
ती वाकली की कुशीवर एक कोपरा उगवायचा.
दुसरा जॉर्जेटचा. तो तर चुगलखोरच.
तिसऱ्या वेळी टेप गळ्यातच ठेवून
हातानं चाचपलं, तेव्हा कळलं:
बारीक माणसाजवळ मांस नसतं, खळगे असतात.
उजव्या हाडाच्या अलीकडे, पोटाच्या बाजूला
ओंजळभर जागा,
कुणी मुक्कामाला येईल म्हणून रिकामी ठेवल्यासारखी.

तिथं दुहेरी कॅनव्हासचा खिसा बसवला.
भार कमरेवर नको म्हणून आतून पट्टी, थेट खांद्यापर्यंत.
वर जाड सुती, बारीक बुट्ट्यांचं कापड
(बुट्ट्यांत नजर हरवते, सादं कापड सगळं सांगतं),
छातीखालून सुटता घेर.
बाजूच्या शिवणीला चुटपुट बटणं, हात झटक्यात पोचावा म्हणून.
तिनं वीसेक वेळा हात घालून पाहिला.
तेवढा वेळ मी बॉबिन भरत बसले.

तरी कुर्ता उजवीकडे कलायचाच.
मग यांच्या डब्यातून कूलरच्या पंपाचे वॉशर काढले,
डाव्या शिवणीत ओळीनं घातले. अकरा.

ती आरशासमोर चालली. वाकली. चपलेचा बंद लावला.
माझी पडलेली टाचणी उचलून दिली.
काही दिसलं नाही.
"आता कशी दिसतो मी?"
"शाळेतली बाई."
"अरे देवा," म्हणाली, आणि त्या दुकानात पहिल्यांदा हसली.

डिसेंबरभर मी बर्डीवर गेले की
बायांच्या उजव्या कुशी पाहायची.
एकीची पर्स, एकीचं लेकरू,
एकीनं पदराखाली काय धरलं होतं ते कळलं नाही.
पेपरात रोज फोटो यायचे, गर्दीचे.
मी बुट्टे शोधायची.

मे महिन्यात ती कुर्ता घेऊन आली.
टेबलावर बदली झालेली. हत्यार जमा.
"घरी घालतो हा, ताई. पण आता डावीकडं पडते."
मला वॉशरचं आठवेना, मग आठवलं.
शिवण उसवायला घेतली. बाहेर सत्तेचाळीस,
आत कूलर गळत होता, हे पान्हा घेऊन खाली बसलेले.
ती उभी होती, उजवं कोपर
अंगापासून चार बोटं दूर धरून,
मध्ये कुणी झोपलं आहे असं.
मी कोपराला हात लावून जवळ केलं.
सुटलं, परत तिथंच गेलं.

दहा वॉशर निघाले. यांनी लगेच एक उचलला, पंपाला लावला.
अकराव्याशी पोचले तर तिनं कात्री धरली.
"राहू द्या तेवढा.
पंख्यात उडते कुर्ता."