पासंग

टेबल भिंतीला सरकवून
स्वयंपाकघराच्या फरशीवर सगळं मांडलंय:
तंबू, स्टोव्ह, दोन ट्यूब, साखळीच्या जादा कड्या,
आणि मधोमध बटाट्यांचा तराजू,
शेजारच्या उल्दाकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेला.
त्याचं एक पारडं जरा खाली जातं.
गिऱ्हाइकाच्या बाजूनं जातं, असं उल्दा म्हणते.
गिऱ्हाइकं काही म्हणत नाहीत.

सान्तियागोहून एलिसेओचा फोन,
रोज, नेमका मी सूप वाढून घेतलं की.
टायटॅनियमचा चमचा घे, आई, सतरा ग्रॅम.
टूथब्रशचा दांडा काप.
कापला.
स्वतः शेवटचा सायकलवर बसला
तेव्हा दुधाचे दात होते त्याला.

मी यादी वाचून शिकलेली नाही.
ला अरेनाच्या धक्क्यावर, फेरीच्या तिकीटखिडकीत
बावीस वर्षं काढली.
दक्षिणेकडे निघालेले सायकलवाले समोर यायचे,
गाल लाल, कॅरिअरवर डोंगर.
दोन फेऱ्यांमधल्या पाऊण तासात
बाकावर सगळं उपडं करायचे
आणि ओशाळून विचारायचे,
हे इथं ठेवलं तर चालेल?
जीनची पँट. बिडाचा तवा. एक युकुलेले.
एका बेल्जियन मुलीनं घोड्याचा नाल ठेवला,
नशिबासाठी आणलेला.
नशीब फार जड निघालं, म्हणाली.
खिडकीखालच्या पेटीत माझा दुसरा संसार वाढत गेला.
त्या तव्यात मी अजून अंडी तळते.

उलट दिशेनं येणारे काही ठेवत नसत.
मागत.
चिकटपट्टी आहे? दोरी?
कोरडे मोजे, बाई, कसलेही.
एकानं नुसत्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या मागितल्या
आणि त्या पायांत चढवून उभा राहिला,
सणाला नवी चप्पल मिळालेल्या पोरासारखा.

माझी यादी म्हणजे ती मागणी.

सायकलवाला गाल्वारिनो फ्रेमवर टिचकी मारून म्हणाला,
लोखंडाचीच घे, टेल्मा.
ॲल्युमिनियम मोडलं तर शहर शोधावं लागतं,
लोखंड मोडलं तर वेल्डर,
आणि वेल्डर गावोगाव असतो,
नाहीतर कुणाचा तरी मेव्हणा असतोच.
चौदा किलो.
उचलून बघितली, खाली ठेवली,
पैसे दिले.

एकसष्टाव्या वर्षी गुडघाही सामानातच धरायचा.
डावा.
वजनाच्या रकान्यात त्याच्यापुढे काय लिहू?

रात्रीचे साडेअकरा.
मागच्या दोन पिशव्या दोन पारड्यांत.
डावी खाली.
मापात पाप असेल म्हणून पारडी बदलली,
तरी डावीच खाली.
पाने इकडे, मोजे तिकडे, स्टोव्हची बाटली इकडे,
तो बिचारा अर्धा टूथब्रशसुद्धा तिकडे.
तीनशे ग्रॅमचा फरक काही हलेना.
खडीच्या रस्त्यावर एकीकडे ओढणारी सायकल
संध्याकाळपर्यंत खांदा मागून घेते.

तेवढ्यात उल्दा दारात,
गाऊनवर नवऱ्याचा कोट,
हातात मुर्ताच्या मुरंब्याची बरणी.
आली होती खरं तर तराजू न्यायला, उद्या बाजार.
बरणी तिनं उजव्या पारड्यात टेकवली,
सहज, हात मोकळा करायला.

काटा मधोमध.

आम्ही दोघी बघत राहिलो,
श्वाससुद्धा बेतानं.

इतकं काटून, छाटून, चमचा पिसासारखा करून
शेवटी पासंगाला काचेची बरणी!
पोराला सांगणार नाही.

उल्दानंच मग खोड काढली.
पण तू खाणार, टेल्मा.
चैतेनला पोचेपर्यंत अर्धी करशील.
मग?

मग काय, रस्ताभर खडीच खडी.
जेवढा पावाला लावीन तेवढे खडे टाकीन.

आधी धुऊन घे, ती म्हणाली,
माझ्या बरणीत चिखल नको,
आणि तराजू काखेत मारून निघाली.
एक पारडं पायरीवर खणकन आपटलं,
कोपऱ्यावरचं कुत्रं भुंकलं, गप्प झालं.

मी लोकरीच्या मोज्यांचा आणखी एक जोड काढला
आणि अंधारातच कोंबला,
कुठल्या पिशवीत ते
बघितलं नाही.