पट्टीचं नाव

होनगेकर बाईंच्या खोलीत, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर,
चौंडकं कुठेच नाही.
आहे त्याची फाइल. चाळीस सेकंद.
सुरुवातीला दुंडव्वाचा खाकरा, शेवटी दारातली कोंबडी.
मी म्हटलं, कापू का दोन्ही?
बाई म्हणाल्या, कोंबडी राहू दे. वेळ कळते.

यरगट्टी रोडला गेलो तेव्हा वीज नव्हती.
दुंडव्वानं चौंडकं काखेत घेतलं,
भांडणातून ओढून आणलेलं पोर घ्यावं
तसं, दाबून.
तार एकच. तरी सूर मोजताना
आलेखाची रेघ कागदाबाहेर गेली.

पुढे आठ महिने बाई तेवढंच लिहीत होत्या:
काख किती दाबली की कातडं किती ताणतं,
ताणलेलं कातडं तारेला काय सांगतं.
मार्चमध्ये गणित जुळलं. आवाज आला, हुबेहूब,
आणि बाईंनी हेडफोन काढून सरकवले
मीठ विसरलेल्या आमटीची वाटी सरकवावी तसे.
‘हे दमत नाही गं.’

दुंडव्वा तिसऱ्या फेरीला दमायची.
दाब सुटायचा, सूर केसभर खाली यायचा,
आणि तिथूनच पुढची ओळ उचलायची ती.
मग आम्ही दमणं लिहिलं.
एकोणीस ओळी लागल्या.

राहिली पडद्यावरची एक पट्टी, वरखाली सरकणारी.
तिला नाव हवं.
मी लिहिलं, ओढ.
ईरण्णा कडकोळनं खोडून लिहिलं, एळे.
एळे म्हणजे ओढच. खरं, एळे म्हणजे धागासुद्धा,
त्याच्या वडगावच्या मागावरचा.
तो म्हणाला, तुमच्या ओढीत धागा कुठाय?
मी म्हटलं, तुमच्या धाग्याला कुणाची आठवण येते?
खाली चौकात पाट्यांना काळं फासायचे दिवस.
चहा येईपर्यंत आम्ही बोललो नाही.

बाईंनी काहीच ठरवलं नाही.
रविवारी लॅपटॉप घेऊन पुन्हा यरगट्टी.
दुंडव्वानं पट्टीवर बोट ठेवलं, वर नेलं, खाली आणलं,
तोंड वाकडं केलं. लॅपटॉप उलटा करून पाहिला.
‘ह्येला दाबायचं कुठनं?’
आणि आम्ही ओरडेपर्यंत
तो तिच्या काखेत.

सोमवारी बाईंनी पट्टीच काढून टाकली.
शहापूरच्या एका सुताराला फोन लावला,
रबराचा तुकडा मागवला, शिवणकामाची टेप आणली
आणि मापं घेतली:
ईरण्णाची काख, माझी,
मग हात वर करून, हसू दाबत, स्वतःची.