येणे बाकी

वेंगुर्ल्यात दाभोली नाक्यावर
सोडावॉटरच्या जुन्या कारखान्यात
माझी चारशे बारा कॅसेटींची लायब्ररी.
आता कुणी येत नाही. तरी मी फळ्या काढतो,
उदबत्ती लावतो
आणि एकेक उघडून बघतो, बुरशी आली का.

खाऱ्या हवेला सिनेमा फार आवडतो.
फितीच्या कडेने ती पांढरी पांढरी चढते,
आधी नायकाच्या खांद्यावर, मग गाण्यावर.
म्हणून चांगल्यातल्या चाळीस
प्लास्टिकात गुंडाळून मी तांदळाच्या कणगीत पुरतो.
बायको म्हणायची,
"पेजेक तांदूळ काढूक गेलंय तर हातात हिरोईन इली."

चाळीस कुठल्या, हे ठरवणं सोपं नव्हतं.
पास्कोल मास्तरांचा जुळ्या भावांचा विनोदी.
तो त्यांनी तापात नेला, नाताळात नेला,
सख्खा भाऊ गेला त्या रात्रीसुद्धा नेला.
रेडकर कंपाउंडरांचा कोर्टाचा.
उलटतपासणी आली की ते आवाज बंद करत
आणि वकिलाचं स्वतः बोलत.
एक तमाशाचा, जो कुणीच स्वतःसाठी नेला नाही.
सगळ्यांच्याच घरी पाहुणे आलेले असायचे.

इतक्या वर्षांत एवढंच कळलं,
की फीत आवडीने झिजते.
जिथे जीव अडकतो तिथे माणूस मागे जातो,
पुन्हा मागे जातो.
आगबोट सुटते आणि ती धक्क्यावर उभी राहते,
तिथे आता नुसत्या मुंग्या.
पुढच्यामागच्या जेवणाच्या पंक्ती मात्र कोऱ्या करकरीत.
कोण कुठे रडलं
हे मला डोळे मिटून सांगता येतं.

भागू गिरप बाजार उठल्यावर
रिकामी पाटी दाराला टेकवायची. आत यायची नाही.
"माझो पिच्चर इलो काय रे?"
"नाय गो मावशे."

ती एकोणीस वर्षांची असताना बंदरावर शूटिंग झालं होतं.
पाटी घेऊन धक्क्यावरून चालत जायचं,
वळून बघायचं नाही.
तिने वळून बघितलं. पुन्हा घेतलं, पुन्हा बघितलं.
तिसऱ्यांदा नाही.
आठ रुपये मिळाले.
सिनेमा सावंतवाडीला तंबूत चार दिवस लागला
तेव्हा ती बाळंतीण.
नाव तिला ठाऊक नाही. नावात पाणी होतं म्हणे.

मी मुंबईला अकरा पत्रं लिहिली.
एक उत्तर आलं: कृपया चित्रपटाचे नाव कळवावे.
दुसरं: सदर चित्रपट कॅसेटवर बाहेर आलेला नाही,
अशा चित्रपटांना मागणी नसते.
मागणी इथे दारात उभी,
पायांना खवले चिकटलेली.

शेवटी एक रिकामं कव्हर घेतलं.
स्केचपेनने पाठीवर लिहिलं, माझो पिच्चर.
नंबर दिला चारशे तेरा
आणि शेवटच्या फळीवर शेवटी लावलं.
नुसती जागा धरून ठेवली,
एसटीत रुमाल टाकतात तशी.

त्या दिवशी ती पहिल्यांदा आत आली.
मी बोट ठेवून वाचून दाखवलं.
तिने कव्हर उघडलं, आत बघितलं, मिटलं.
हसली नाही.
"भाडा किती?"
"पाच."
पाच रुपये दिले, ओले.
अनामत म्हणून दोन बांगडे.

वहीत लिहिलं: ४१३, भा. गिरप, तारीख.
शेजारी 'परत' हा रकाना.
त्याला एकवीस वर्षं झाली. तिला जाऊन सहा.
तिच्या घरी मी मागायला गेलो नाही.

परवा पुण्याहून एक मुलगा आला,
जुन्या सिनेमांच्या शोधात, पाठीवर सॅक.
कणगीतल्या चाळीस त्याने हुंगून बघितल्या,
तांदळाचे दाणे झटकून फोटो काढले.
मग वही चाळता चाळता थांबला.
"काका, ही चारशे तेरा?"

मी चष्मा लावला, वही जवळ ओढली,
जशी काही बघायची गरज होती.
"ती होय," म्हटलं.
"ती बाहेर आहे."