वर्गणी

आमच्या बेटावर आग विझवायचे पैसे मिळत नाहीत,
भरावे लागतात.
दरमहा, पाच तारखेच्या आत, माझ्याकडे.
मी एदुविना मान्सिया, खजिनदार. दिवसा लोकर विकते.
माझ्या वहीत सत्तावीस माणसं आहेत,
स्वतःच्या खिशातून पैसे देऊन
दुसऱ्याच्या छपरावर चढणारी.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, म्हणायची आई.
तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते,
हेल्मेट कानांवर उतरायचं, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

घरं इथली लाकडी. भिंतींवर फळकुटांचे खवले,
माशाला असतात तसे, एकावर एक.
पावसाला ती दाद देत नाहीत.
ठिणगीचं मात्र पहिल्या हाकेला ऐकतात.

ऑगस्ट होता, म्हणजे आमचा ऐन हिवाळा.
भोंगा वाजला तेव्हा दोन चाळीस.
शाळेतला बर्नार्दो, पायजम्यावर गमबूट.
नेल्दा सुईण, तिला जागं राहायची सवयच.
बेकरीवाला ओनोफ्रे, कोपरापर्यंत पीठ,
पहिला घाणा भट्टीत तसाच टाकून.
बंब जर्मनीहून आलेला, तिकडे म्हातारा झाल्यावर.
आतली अक्षरं अजून त्यांचीच.
तिसरं बटण कशाचं, कुणालाच ठाऊक नाही.

घर रुदेसिंदो कार्कामोचं.
त्याचं नाव माझ्या वहीत लाल शाईत:
सात महिने थकबाकी.
पाइपावरून कप्तानाशी भांडून गेला होता.
लांबी कमी पडेल, म्हणाला होता,
ओहोटीच्या वेळी मोजा एकदा.
आम्ही मोजली नव्हती.

आणि ओहोटीच होती.
भरतीला त्याच्या पायरीशी येऊन होडी हलवणारा समुद्र
दोनशे पावलं मागे, चिखलापलीकडे,
पाठ फिरवून झोपलेला.
टाकीतलं पाणी आठ मिनिटांत संपलं.
पंप चिखलात उतरवला, पाइपाला पाइप जोडला,
होता नव्हता तेवढा,
आणि शेवटचं टोक थांबलं
दारापासून बारा पावलांवर.
फवारा वाऱ्यानं वाकायचा
आणि परसातले कोबी भिजवायचा.

कुणी काही बोललं नाही.
रुदेसिंदोही नाही. बादल्यांच्या रांगेत
तो माझ्या पुढे उभा होता,
न बघता हात मागे करायचा,
बादली घ्यायचा, पुढे द्यायचा.
बारा पावलांचं पाणी आम्ही हातांनी नेलं.
वरचा मजला गेला.
खाली चूल राहिली, त्याच्या बहिणीचं शिवणयंत्र,
आणि एक जिना, वर कुठेच न जाणारा.

उजाडता उजाडता ओनोफ्रे गोणी घेऊन आला.
दीडशे पाव, सगळे कोळसा.
फोडून बघितले तर आत
अंगठ्याएवढा पांढरा भाग होता, गरम.
बंबाच्या पायरीवर बसून आम्ही तेवढाच खाल्ला.
आई, म्हटलं मनात,
या बघ त्या भाकऱ्या.

नऊ वाजता दुकान उघडलं.
रुदेसिंदो आला, एक भुवई नसलेला,
हातात कॉफीचा डबा, एका बाजूनं चेपून काळा झालेला.
सात महिन्यांचे, म्हणाला.
अरे, मी म्हटलं, आज कशाला,
आज तर आम्हीच तुला...
सात, तो म्हणाला.

मी मोजले. बोटं काळी झाली,
लोकरीला लागू नयेत म्हणून वर धरून ठेवली.
पावत्या लिहिल्या, नियमाप्रमाणे सात वेगळ्या.
शंभर पेसो जास्त होते, ते परत केले.
त्यानं ते नाणं काउंटरवरून माझ्याकडे सरकवलं.
पाइपासाठी, म्हणाला.
आणि दारातून वळून:
बारा पावलं, एदुविना.
माझी पावलं धर, कप्तानाची नको,
त्याची लांब पडतात.