बिजागऱ्या

सात फूट बाय साडेपाच.
माप घ्यायला किशोरभाई मिस्त्री आत आले
तर मला बाहेर यावं लागलं.
टेपचं दुसरं टोक मी पॅसेजमधून धरलं.

मांजलपूर, तिसरा मजला, मागची बाजू.
खिडकीतून समोरच्यांचा गिझर दिसतो
आणि हातभर आभाळ.
आजवर मी काय काय केलं नाही.
लाटण्याला दोरी बांधून ते खिळ्यावर टांगलं,
भांड्यात भांडं, त्यात गाळणं, गाळण्यात लसूण,
मंगळबाजारातले डझनभर हूक
फळीच्या पोटाला लावले,
झाकणांसाठी वेगळी तार.
पुरणयंत्र पलंगाखाली गेलं,
ह्यांच्या बुटांशेजारी अकरा महिने झोपतं.
शेगडीपुढे उभी राहिले की
उजव्या हाताला मीठ, डाव्या हाताला हिंग,
फ्रिज मागे न बघता कोपरानं उघडतो.
लाईट गेली तरी माझी फोडणी चुकत नाही.
नणंदेनं दिलेला हांडव्याचा कुकर मात्र
सहा वर्षं खोक्यात.

किशोरभाई बराच वेळ नुसते उभे.
भिंतीवर टिचकी मारली,
पेन्सिल परत कानामागे खोचली.
म्हणाले, "बेन, जग्या तो छे ज.
आ बारणुं खाई जाय छे."

दार.
आत उघडणारं, अडीच फुटांचं.
उघडलं की त्याच्यामागे
एक भिंतभर जागा कायमची झाकलेली.
सव्वीस वर्षांत मी डाळीच्या डब्याचासुद्धा
हिशेब मांडला होता,
दाराचा नाही.

कारण दारामागे मी असायचे.
सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात,
सौमित्र बारावीला बसला तो निकाल लागला तेव्हा,
मकरपुऱ्याच्या कारखान्याला टाळं लागून
हे भरदुपारी घरी आले त्या गुरुवारी,
घरात कांदे नव्हते
तरी मी कडी घालून पाच मिनिटं
कांदे चिरलेत.
जे बोलायचं ते
कुकरच्या शिट्टीत बोलून घेतलंय.

हे आता मिस्त्रींना काय सांगायचं?
म्हटलं, काढा.

एक स्क्रू गंजलेला. त्याला माझ्याच बुधलीतलं
थेंबभर तेल सोडलं.
मग दार उचललं त्यांनी, एकट्यानं,
एका बगलेत.
"एवढं हलकं?" मी म्हणाले.
"अंदर तो पोलुं ज होय, बेन."

टाकलं नाही त्यांनी.
साडेसहा फुटांचं दार
सात फुटांच्या भिंतीवर आडवं ठोकलं,
खाली चार लोखंडी कोन.
त्यावर आता दिवाळीचे डबे, मोठी कढई,
आणि खोक्याबाहेर आलेला हांडव्याचा कुकर.
कडी तशीच राहिलीय, डोक्यावर, उलटी.
तिला मी चक्क्याचं फडकं बांधते.
रात्रभर पाणी ठिबकतं पातेल्यात.

परवा दूध उतू गेलं.
मी सवयीनं बोलले, जे बोलायचं ते.
बाहेरून आवाज आला,
"काही म्हणालीस?"

काही नाही, म्हटलं.
तरी आले.
चौकटीत उभे राहिले,
जिथं बिजागऱ्यांच्या जागी
जुन्या हिरव्या रंगाचे तीन तुकडे उघडे पडलेत.
आत दोघं मावत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक.
मग पाट ओढून उंबऱ्यालगत बसले,
तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या,
वाईट सोलतात,
अर्धे दाणे माझ्या पायाशी.
म्हणाले, त्या गुरुवारी तू
इतका वेळ आत काय करत होतीस?

गॅस बारीक केला मी.

दार गेलं त्या जागी
सिलिंडर ठेवायचा ठरलं होतं,
मिस्त्रींनी फरशीवर खडूनं चौकोनही आखून दिलाय.
तिथं हे बसतात.
सिलिंडर अजून गॅलरीतच आहे,
आणि मिक्सरचं काय करायचं
ते बघू.