काई

पितृपक्ष सरला की बागेतला उजेड तिरका होतो.
जांभळामागून निघतो, खिरणीत घुटमळतो,
टाकीच्या उत्तरेकडच्या भिंतीला टेकेपर्यंत
त्याचा ताप उतरलेला असतो.

तिथं ते आहे.
मी चष्मा कपाळावर सरकवून वाकते,
गुडघा एक शिवी हासडतो
आणि नाकाच्या शेंड्याशी
अख्खं रान उभं राहतं,
करंगळीच्या नखाहून बुटकं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं
ह्यालाच ट्रेमधून मुलांपुढे ठेवत आले.
पचमढीहून यायचं, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
मुलं चिमट्यानं एकेक देठ उपटायची,
आकृती काढायची, बाण दाखवायची,
आणि तास संपला की उरलेलं मी
बेसिनखालच्या बादलीत.
मूळ नसतं ह्याला, एवढं ऐकून ऐकून पाठ झालं.
मग घर कसं धरतं, ते कुणी विचारलं नाही,
परीक्षेला नव्हतं.

आता न बोलावता आलंय,
मी निवृत्त झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं,
त्यातला एक तांब्या ह्याचा.
ऑक्टोबरचं ऊन भिंत तापवू लागलं
की हे काथ्यासारखं होतं, मेल्याचं सोंग घेतं.
तांब्या उपडा करून मी आकडे मोजते.
सातव्याला हिरवं.
(दरवेळी नाही. एकदा एकवीस झाले,
तेवढ्यात मी दोनदा घाबरले.)

सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते.
स्वच्छतेत पहिलं आमचं शहर, अभिमान मलाही आहे,
पण पानं मी देत नाही.
सागाची पापडासारखी मोडतात,
जांभळाची चिवट, कुजायला चैत्र उजाडतो,
सगळी ओढून झाडांच्याच पायाशी घालते.
खराट्याला काम फक्त वाटेपुरतं.
शेजारचे गद्रे कुंपणावरून विचारतात,
"बाग आहे की जंगल?"
"अजून ठरायचंय," मी म्हणते,
आणि नेच्यांचे गड्डे फोडत बसते.
काळी माती बांगडीत शिरते,
रात्री पोळ्या लाटताना पोळपाटावर सांडते थोडी.

दिवाळीच्या आधी इक्राम आला रंगाला,
तारेचा ब्रश घेऊन थेट टाकीपाशी.
"काई है, मैडम. निकाल दूँ?"
आळं खणणाऱ्या गेंदालालनं मान वर केली,
"कांई?"
त्याच्या मालवीत कांई म्हणजे काय,
त्याला वाटलं, आपल्यालाच हाक.
मी स्वयंपाकघरातून ओरडले,
"काही नाही! राहू दे!"
क्षणभर तिघं तीन बाजूंनी
एकाच शब्दाला हात घालून उभे,
आणि ते मधोमध, गप्प.

मग खडूनं रेघ ओढली मी.
इथवर चुना. ह्याखाली नाही.
इक्रामनं रेघ पाहिली, मला पाहिलं,
पाहुणे काय म्हणतील ते त्याच्या भुवयांत मावलं नाही.
तरी पिशवीतून बारका कुंचला काढला
आणि जीभ दातांत धरून दुपारभर
हिरव्याच्या काठाकाठानं रंगवत गेला,
खाड्या, भूशिरं, एक बेटसुद्धा
सोडत सोडत.
निघताना, पैसे मोजून झाल्यावर:
"इसको पानी कब देते हो?"

संध्याकाळी हवा उतरते तशी मी पुन्हा वाकते.
केसाएवढ्या तांबूस दांड्या वर आल्यात,
टोकाला मान मुडपलेली बोंडं,
भिंगाशिवाय दिसत नाहीत मला आता,
पण आहेत हे बोटाला कळतं.
चुन्याचा एक थेंब आत पडलाय, पांढरा, वाळलेला.
काढायला गेले तर दोन दांड्या तुटतील.

राहू दे.
उद्या नळाचा दिवस.